९७८ मेगाहर्ट्झवरची ग्राउंड स्टेशनं शोधून नकाशावर कशी मांडावीत

अमेरिकेतली एडीएस-बी (विमानं आपली जागा रेडिओवरून सतत कळवतात ती यंत्रणा) ग्राउंड स्टेशनं शोधायला दिशादर्शक अँटेना घेऊन हिंडायची गरज नाही. स्टेशन आपली जागा स्वतःच प्रसारित करतं, फक्त ९७८ मेगाहर्ट्झवर. १०९० मेगाहर्ट्झवरच्या टिस-बी (आजूबाजूच्या विमानांची माहिती जमिनीवरून पुरवणारी सेवा) संदेशांत जागा असते ती विमानाची, स्टेशनची नव्हे. तिथे वेळ घालवू नका.

आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर), उंचावर लावलेला अँटेना आणि डंप९७८ हे संदेश उलगडणारं सॉफ्टवेअर एवढं पुरतं. १०९० चा फिल्टर जोडलेला असेल तर आधी काढा, तो ९७८ अडवतो. कच्च्या आउटपुटमधल्या अधिक चिन्हाने सुरू होणाऱ्या, म्हणजे ग्राउंड स्टेशनकडून आलेल्या, ओळी तेवढ्या साठवा.

खरी मेख पुढे आहे. संदेशाच्या पहिल्या आठ बाइटचं हेडर असतं. त्यात अक्षांशाला २३ बिट, रेखांशाला २४ आणि लगेच एक बिट जागा वैध आहे की नाही हे सांगणारा. म्हणजे रेखांश तिसऱ्या बाइटच्या शेवटच्या बिटापासून सुरू होतो. ‘तीन बाइट अक्षांश, तीन बाइट रेखांश’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चूक आहे. पहिल्या सहा बाइटची एकच ४८ बिटांची संख्या करा: वरचे २३ बिट अक्षांश, पुढचे २४ रेखांश, शेवटचा वैधतेचा. तो शून्य असेल तर ओळ टाकून द्या. दोन्ही संख्यांना ३६० ने गुणून १,६७,७७,२१६ ने भागा. अक्षांश ९० च्या वर गेला तर १८० वजा करा (३६० नव्हे), रेखांश १८० च्या वर गेला तर ३६०.

पडताळणीसाठी: अक्षांशाची कच्ची संख्या १८६४१३५ आणि रेखांशाची १२११६८७८ यांतून ४० उत्तर, १०० पश्चिम निघालं पाहिजे. हेच बाइटच्या सीमेवर कापलंत, तर नेब्रास्का-कॅन्सस सीमेवरचं स्टेशन ८० उत्तर, १६० पूर्वेला, थेट आर्क्टिक महासागरात जाऊन पडतं.

स्टेशनची ओळख म्हणजे त्याची जागा, दुसरं काही नाही. स्लॉट (स्टेशनला प्रसारणासाठी नेमून दिलेले वेळेचे कप्पे) फक्त ३२ आहेत आणि दूरदूरची स्टेशनं तेच पुन्हा वापरतात. टिस-बी साइट क्रमांक तर चारच बिटांचा, आणि शून्य असेल तर ते स्टेशन टिस-बी पाठवतच नाही. म्हणून गट पाडताना कच्चे ४७ बिट जुळवा. दशांश गोल करून जुळवाल, तर जवळजवळची दोन स्टेशनं एक होतील. एकाच जागेवरून दोन स्लॉट आले तरी ठिपका एकच. खरं स्टेशन दर सेकंदाला ऐकू येऊ शकतं, त्यामुळे एकदाच उमटून गायब झालेली जागा बाजूला ठेवा.

नकाशावर ठिपके मांडण्यासाठीच्या जिओजेसन फाइलीत रेखांश आधी, अक्षांश नंतर.

टिस-बी दिसत नाही म्हणून स्टेशन बंद आहे असं समजू नका. ती माहिती एडीएस-बी बसवलेल्या विमानासाठी, त्याच्या भोवतालच्या १५ सागरी मैल आणि वर-खाली ३,५०० फूट एवढ्याच पट्ट्यापुरती पाठवली जाते. हवामानाचे फिस-बी संदेश मात्र आकाश रिकामं असलं तरी चालू राहतात, आणि जागा त्यांच्याच हेडरमध्ये असते.