रेसट्रॅकला डांबर की काँक्रीट? ठरवताना या चुका टाळा

काँक्रीट म्हणजे टिकाऊ आणि डांबर म्हणजे ग्रिप, एवढ्यावर बऱ्याच जणांचा निर्णय होऊन जातो. पहिली चूक तिथेच होते. डांबरी ट्रॅकवर टायर मुख्यतः खडीच्या कडांवर चालतो, तर काँक्रीटवर वरच्या सिमेंट-वाळूच्या थरावर. खडी लवकर गुळगुळीत होणारी असेल तर महागड्या बिटुमेनचाही (खडी बांधून ठेवणाऱ्या काळ्या चिकट द्रव्याचाही) उपयोग नाही. काँक्रीटचा वरचा थर जास्त घोटला गेला, तर पहिल्याच पावसात गाड्या घसरतात.

म्हणून पृष्ठभाग डोळ्यांनी जोखू नका, मोजा. साधी पद्धत आहे: कोरड्या जागेवर २५ मिलिलिटर बारीक वाळू ओता आणि खाचा भरत, गोल फिरवत पसरा. वर्तुळाचा व्यास २० सेंटिमीटर भरला, तर खाचांची सरासरी खोली सुमारे ०.८ मिलिमीटर. वर्तुळ जितकं मोठं, तितका पृष्ठभाग सपाट आणि पाणी साचण्याचा धोका जास्त. एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. ब्रेकिंगच्या जागी आणि सरळ पट्ट्यावर आकडे वेगळे येतात.

नव्या डांबरावर लगेच शर्यत

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी घाई. ताज्या डांबरात प्रत्येक खड्यावर बिटुमेनचा पातळ लेप असतो आणि तो झिजेपर्यंत खडी टायरला लागतच नाही. २०२० मध्ये इस्तंबूलच्या ट्रॅकवर नवं डांबर पडलं आणि काही दिवसांतच फॉर्म्युला वनची शर्यत आली. जगातले उत्तम ड्रायव्हर बर्फावर चालवल्यासारखे घसरत होते. पुढच्या वर्षी तिथे उच्च दाबाच्या पाण्याने पृष्ठभाग खरवडून काढला आणि पकड परत आली. लेप झिजायला वेळ नसेल, तर हा उपाय आधीच वेळापत्रकात धरा.

१९८५ मध्ये स्पा-फ्रँकोरशाँला तर नवा थर सरावातच उखडला. जूनमधली बेल्जियन ग्रां प्री सप्टेंबरात घ्यावी लागली. जुनाट डांबरही फसवतंच. अमेरिकेतल्या डेटोना ट्रॅकला १९७८ चा थर होता. २०१० च्या शर्यतीत खड्डा पडला आणि सगळं मिळून दोन तासांहून जास्त खोळंबा झाला. त्याच वर्षी अख्खा ट्रॅक नव्याने करावा लागला.

काँक्रीटचे सांधे विसरणं

स्लॅब साडेचार मीटरचा आणि गाडी ताशी १८० किलोमीटरने चाललेली, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. चाकाखालून सेकंदाला अकरा सांधे जातात. प्रत्येक सांध्याला दोन-तीन मिलिमीटरची पायरी असेल, तर सस्पेन्शनला श्वास घ्यायला उसंत नाही. अमेरिकेतल्या सेब्रिंग ट्रॅकमधले जुन्या विमानतळ-धावपट्टीचे काँक्रीटचे भाग याचसाठी बदनाम आहेत. (तिथे टिकलेली गाडी कुठेही टिकेल, असं संघवाले म्हणतात.) सांध्यांची कटिंगही (भेग ठरलेल्या रेषेतच पडावी म्हणून काँक्रीटला दिलेली चीर) वेळेवर हवी. काँक्रीट कापण्याइतकं घट्ट झालं की त्याच दिवशी, जाडीच्या साधारण एक चतुर्थांश खोलीपर्यंत कापा. उशीर केलात तर भेग तिला हवी तिथून जाते.

अख्खा ट्रॅक एकाच सामग्रीचा हवा, हा हट्ट

अमेरिकेतल्या ब्रिस्टल ट्रॅकच्या तीव्र उताराच्या वळणांवर जड गाड्या डांबर ओरबाडत. १९९२ मध्ये तिथे काँक्रीट आलं. तिथल्याच मार्टिन्सव्हिल ट्रॅकला वळणं काँक्रीटची आणि सरळ पट्टे डांबरी, आणि ते चालतं. पिटमध्ये (टायर बदलायला आणि दुरुस्तीला थांबायची जागा) गाड्या उभ्या राहतात तिथेही काँक्रीटच बरं, कारण सांडलेलं इंधन बिटुमेन विरघळवतं आणि उन्हात जॅक रुततो. उलट लांब, वळणदार सर्किटवर डांबराची सोय मोठी: वरचा थर खरवडून रातोरात नवा टाकता येतो. मात्र दोन सामग्री भेटतात ती रेघ ब्रेकिंगच्या पट्ट्यात येऊ देऊ नका, विशेषतः मोटरसायकली धावणार असतील तर.

लक्षण दिसलं की काय करायचं

उन्हात डांबरावर काळी चकाकी आली, तर बिटुमेन वर आलंय. पाण्याच्या दाबाने काढा. नुसती वाळू भुरभुरून भागत नाही. डांबराच्या शेजारी शेजारी टाकलेल्या दोन पट्ट्यांच्या जोडावरून खडी सुटत असेल, तर पहिला पट्टा थंड झाल्यावर दुसरा टाकला गेला आणि तिथे दाब कमी बसला. पुढच्या वेळी दोन पेव्हर (डांबर पसरणारी यंत्रं) शेजारी शेजारी चालवा.

काँक्रीटच्या सांध्यावर पायरी जाणवली की लोक लगेच डायमंड ग्राइंडिंग (हिऱ्याच्या पात्यांनी पृष्ठभाग घासून सपाट करणं) मागवतात. आधी पाऊस पडून गेल्यावर सांध्यापाशी जाऊन बघा. तिथे चिखलाचा ओघळ दिसला, तर स्लॅबखालची माती वाहून जातेय आणि गाडी गेली की स्लॅब पंपासारखा हलतो. अशा वेळी आधी पाण्याचा निचरा करा, मग खालची पोकळी भरा, आणि ग्राइंडिंग सगळ्यात शेवटी.