उशिरा आलेलं बाळ: नव्या सिस्टरसाठी

लसीकरणाचं वेळापत्रक असं: जन्माचे डोस, मग दीड, अडीच, साडेतीन महिने, मग नववा महिना, मग दीड वर्षाचं बूस्टर. हे तुम्हाला पाठ आहे, त्यामुळे तक्ता परत लिहीत बसत नाही. वेळेवर आलेल्या बाळाला डोस देणं अवघड नाहीच. घाम फोडतं ते उशिरा आलेलं बाळ, आणि सोलापूर जिल्ह्यात अशी बाळं भरपूर.

दिवाळीच्या आसपास साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. उसाच्या फडाच्या कडेला कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात आणि प्रत्येक कोपीत एखादं लहान लेकरू असतंच. कार्ड कधी गावाकडच्या पेटीत, कधी पावसात भिजून लगदा झालेलं. शहरात विडी घरकुलकडे, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, गोष्ट वेगळी. तिथे कार्ड जपून ठेवलेलं असतं, पण सेशनच्या दिवशीच आईला बिड्यांचा माल पोचवायचा असतो. बाळ एक महिना मागे पडतं, मग दोन, मग आईच यायला लाजते. अशा आईवर ओरडू नका. ओरडलात तर ती पुढच्या वेळी येणार नाही आणि तुमच्या ड्यू लिस्टवर, म्हणजे डोस राहिलेल्यांच्या यादीत, ते नाव वर्षभर तसंच राहील.

आता मूळ फास. माझं पहिलं वर्ष याच्यात गेलं, म्हणून जरा लांबण लावते.

समजा एकाच कोपीतली दोन पोरं आहेत, दोघंही चौदा महिन्यांची. पहिल्याला दीड महिन्याचे डोस मिळाले, पुढे काही नाही. दुसऱ्याला जन्मापासून काहीच नाही. वय सारखं, म्हणून आपला हात दोघांनाही सारखंच द्यायला जातो. तसं करायचं नाही.

पहिल्याचं पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) वर्षाच्या आत सुरू झालंय. जे वर्षाच्या आत सुरू झालं ते वर्षानंतरही पूर्ण करायचं. म्हणजे आज पेंटा दोन, चार आठवड्यांनी पेंटा तीन. रोटा (जुलाबावरची) आणि पीसीव्ही (न्यूमोनियावरची) यांनाही हाच नियम, फक्त पीसीव्हीच्या दोन डोसांत आठ आठवड्यांचं अंतर लागतं. सोबत पोलिओचे थेंब, गोवर-रुबेलाचा पहिला डोस, अ जीवनसत्त्व. मागचा डोस वर्षभरापूर्वीचा असला तरी तो मोजायचा. पहिल्यापासून सुरुवात करायची नाही. परत सांगते: पहिल्यापासून सुरुवात करायची नाही. हे चुकीचं सांगणारे तुम्हाला खात्रीने भेटतील, तेही मोठ्या आवाजात.

दुसऱ्याचं वर्ष उलटून गेलंय आणि काहीच सुरू झालेलं नाही. त्याला आता बीसीजी (क्षयाची लस) नाही, पेंटा नाही, रोटा नाही. त्याला डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची लस) द्यायचं: आज एक, मग चार-चार आठवड्यांनी दोन. थेंब, गोवर-रुबेला आणि अ जीवनसत्त्व त्यालाही आजच. आयपीव्हीचा, म्हणजे पोलिओच्या सुईचा, हिशेब मात्र मनाने करू नका. ताजं पत्रक काढा, नाहीतर वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन लावा.

फास इथे संपत नाही. पहिलं पोर सोळा महिन्यांचं झालं की तक्ता म्हणतो गोवरचा दुसरा आणि डीपीटी बूस्टर. गोवरचा दुसरा जरूर द्या, आधीच्याला चार आठवडे झालेलेच असतात. पण बूस्टर थांबवा. त्याचं पेंटा तीन पंधराव्या महिन्यात झालं आणि बूस्टर तिसऱ्या डोसनंतर किमान सहा महिन्यांनी. म्हणजे एकविसावा महिना. तक्त्यातलं वय वेळेवर आलेल्या बाळासाठी असतं, उशिरा आलेल्यासाठी दोन डोसांतलं अंतर बघायचं. हे कळल्यावर मला कार्ड वाचता यायला लागलं.

वाचायला वेळ लागला तर लागू दे. रांगेतल्या बायका कुरकुरतात, आशाताई घड्याळ बघतात, काही बिघडत नाही.

मोबाइलवर फिरणारे रंगीत तक्ते मी उघडतसुद्धा नाही. तुमच्या उपकेंद्राच्या भिंतीवरच्या तक्त्यात नवव्या महिन्याला आयपीव्ही दिसत नसेल, तर तो जानेवारी २०२३ च्या आधीचा आहे. काढून टाका. जुन्या सिस्टरकडून हात शिकावा, बीसीजीचा फोड कसा उठवायचा ते त्यांच्याइतकं कुणी दाखवत नाही. वेळापत्रक मात्र कागदावरूनच घ्यावं.

दोन गोष्टी पटकन. एका पोरासाठी गोवरची कुपी फोडू नका असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, फोडा. विरघळवल्याची वेळ कुपीवर लिहा, चार तासांनी ती बाद. आणि एप्रिलमधलं इथलं ऊन बघून कडक गोठलेले आइसपॅक लसीच्या कॅरियरमध्ये कोंबू नका. पॅकला घाम सुटू द्या, हलवल्यावर आत पाणी वाजू द्या. पेंटा आणि डीपीटी गोठली की बाद होते, आणि व्हीव्हीएम (कुपीवरची रंग बदलणारी खूण) उष्णता दाखवतं, गोठणं दाखवत नाही.

एकाच दिवशी तीन सुया म्हटल्यावर आजी आडवी येते. तिची दया येऊन एक सुई पुढच्या वेळेवर ढकलायचा मोह होतो. टोळीचं पोर असेल तर पुढची वेळ येईलच असं नाही. एकाच दिवशी सगळ्या दिलेल्या चालतात. एकाच मांडीत दोन द्यायच्या असतील तर इंचभर अंतर ठेवा आणि अर्धा तास बसवून घ्या. साध्या सर्दी-खोकल्यासाठीही परत पाठवू नका.

कार्डच नसेल तर डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण बघा, पण त्यावरून बाकीचे डोस झाले असं धरू नका. यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, आईच्या मोबाइल नंबराने शोधा. नंबर पुष्कळदा टोळीच्या मुकादमाचा निघतो, तोही टाकून बघा. तेही नाही जमलं तर गावाकडच्या आशाताईचा नंबर आईकडून घ्या, त्यांच्या रजिस्टरला नोंद सापडते. आणि पट्टा पडायच्या, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायच्या आधी, टोळी अजून इथे आहे तोवर, राहिलेला डोस आणि त्याची तारीख कार्डावर ठळक लिहून त्याच आशाताईला फोनवर सांगा.