पाय जड झाले असतील तेव्हा चालायचं कसं

तेराव्यापर्यंत घरात माणसांची वर्दळ असते. खरं जड जातं ते पाहुणे पांगल्यावर, मागून आणलेल्या सतरंज्या परत गेल्यावर. चालायला लागायचं ते तेव्हा. त्याआधी दोन घास पोटात गेले आणि थोडी झोप लागली तरी पुष्कळ.

पहिल्या दिवशी फक्त गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. चपला आदल्या रात्रीच दारात काढून ठेवा. सकाळी त्या शोधण्याचंही त्राण नसतं. पावलं मोजू नका. रोज दहा हजार पावलांचा तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ झाला, तुमच्या दुःखाशी त्याचं काही देणंघेणं नाही.

बाबा गेल्यावर आई दोन महिने उंबऱ्याबाहेर पडली नाही. "आत्ता फिरायला गेले तर लोक काय म्हणतील?" मग आम्ही हातात पिशवी घेतली. कोथिंबीर आणायला निघालोय, असं. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरून निघायचं, दहा मिनिटं जायचं, वळायचं, येताना जुडी घ्यायची. महिनाभर फ्रीजमध्ये कोथिंबीरच कोथिंबीर. वड्या खाऊन शेजारीही कंटाळले. पण पिशवी दिसली की कुणी काही म्हणत नाही. तुम्हालाही निमित्त लागत असेल तर बेलाशक घ्या.

वाटेत "एकदम कसं झालं हो?" विचारणारे भेटतातच. "नंतर बोलू, जरा पाय मोकळे करून येते," एवढं म्हणायचं आणि पुढे निघायचं.

रस्ता रोजचाच ठेवा, म्हणजे कुठं जायचं हे ठरवावं लागत नाही. शक्यतो सकाळी जा. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की बिघडलेली झोप जागेवर यायला मदत होते. आठवडा-दोन आठवड्यांनी पाच मिनिटं वाढवा. एखाद्या दिवशी फाटकातूनच परत फिरलात तरी चालेल.

सोबत कुणी असेल तर त्यानं शेजारून चालावं आणि कमी बोलावं. समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नाही ते चालताना निघतं, कारण नजरेला नजर द्यावी लागत नाही. हरिपूरच्या रस्त्याला, बागेतल्या गणपतीच्या अलीकडे, आई मधेच म्हणाली, "त्या रात्री त्यांनी पाणी मागितलं, मी लवकर उठले नाही रे." मी "हं" म्हणालो. देवळापर्यंत आम्ही तसेच गेलो. "असं काही नसतं गं" म्हणून तिला गप्प केलं नाही, हे मला आजही बरं वाटतं.

अपघात, पूर असा धसका बसला असेल तर थोडं वेगळं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ आहे. त्या पाण्यातून निघालेल्यांपैकी काहींना अजून नदीकडे जाववत नाही. त्यांनी सुरुवात नदीपासून लांब, आमराईत करावी. मग कधीतरी गणपती मंदिरापर्यंत. पुलाचं टोक त्यानंतर, तेही उन्हाळ्यात, पाणी खाली असताना आणि माणूस सोबत घेऊन. छातीत धडधडायला लागलं तर थांबा, कठड्याला हात टेका, श्वास सावकाश सोडा, दिसतील त्या पाच गोष्टींची नावं मनात घ्या: टपरी, सायकल, वडाच्या पारंब्या, काहीही. थोडं शांत वाटलं की घरी. जिद्दीनं पुढे रेटू नका, त्यानं भीती उलट पक्की होते.

रडू आलं तर येऊ द्या. रुमाल मात्र जवळ असावा.

चालण्यानं सगळं भागत नाही. महिना उलटूनही तोच प्रसंग डोळ्यांसमोर येऊन दचकायला होत असेल, झोप उडाली असेल, तर मनोविकारतज्ज्ञ गाठा. औषध आणि समुपदेशन घेतानाही चालता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर महिना कशाला, आजच घरच्या कुणाला तरी सांगा आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.