अपघातानंतर एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत अशी मिळाली

सावदा-फैजपूर रस्त्यावर केळीच्या ट्रकने आमच्या गाडीला मागून धडक दिली. आप्पांचा हात मोडला. गुन्हा त्याच रात्री नोंदवला गेला. पण विमा कंपनीला एफआयआर आणि घटनास्थळ पंचनामा दोन्ही हवे होते आणि ठाण्यात तीनदा एकच उत्तर मिळालं, 'साहेब बंदोबस्तात आहेत, नंतर या.'

खरं तर फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत द्यावीच लागते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. शिवाय संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकली, पाच मिनिटांत प्रत हातात!

ती वाचल्यावर मात्र पोटात गोळा आला. ट्रकच्या नंबरातला एक आकडा चुकला होता. चुकीच्या नंबरावर दावा कुणावर लावणार? नोंदवलेला एफआयआर खोडून दुरुस्त करत नाहीत. मी ट्रकचा फोटो घेऊन तपासी अंमलदारांकडे गेलो, त्यांनी पुरवणी जबाब घेतला. त्यातच खरा नंबर आला.

पंचनाम्यासाठी अर्ज दोन प्रतींत लिहिला, गुन्हा रजिस्टर नंबर टाकला आणि माझ्या प्रतीवर आवक शिक्का मागून घेतला. तोंडी विचारण्यात तीन फेऱ्या गेल्या होत्या. शिक्क्याच्या अर्जानंतर चौथ्या दिवशी पंचनामा मिळाला.

म्हणून सांगतो, फिर्यादीवर सही करण्याआधी गाडीचा नंबर मोठ्याने वाचून घ्या.