आउटबोर्डचं ट्रिम-टिल्ट: पंप खोलण्याआधी एवढं बघाच

इंदूरला समुद्र नाही पण बोटीचा नाद असलेले लोक आहेत, कुणी चोरल डॅमला जातं, कुणी हनुवंतियाला, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच की आपलं गोडं पाणी आहे, आउटबोर्डला (बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन) काय होतंय. खाऱ्या पाण्याइतका गंज नाही लागत हे खरंय, पण पावसाळ्यानंतरचा गाळ सील खातो आणि महिनोन्महिने उभी राहिलेली बोट वायरिंग खाते.

ट्रिम-टिल्ट म्हणजे हे इंजिन बटणाने वर-खाली करायची सिस्टिम, आणि ती सोपी आहे. बटण दाबलं की छोटी इलेक्ट्रिक मोटर पंप फिरवते, पंप ऑइल रॅममध्ये (दांडा बाहेर ढकलणारा सिलिंडर) ढकलतो, इंजिन वर येतं, जेसीबीचा हात उचलतो तसंच. चालत्या बोटीत थोडा अँगल बदलणं म्हणजे ट्रिम, पूर्ण पाण्याबाहेर काढणं म्हणजे टिल्ट.

सगळ्यात आधी ऑइल. इंजिन पूर्ण वर करा, टिल्ट सपोर्टचा लिव्हर लावा (हा लावल्याशिवाय इंजिनाखाली हात घालायचा नाही म्हणजे नाही, पूर्ण इंजिन हातावर येतं), मग पंपाच्या ऑइल टाकीचा बोल्ट हळूच खोला. बहुतेक मॉडेलमध्ये ऑइल भोकाच्या खालच्या काठापर्यंत दिसलं पाहिजे. इंजिन खाली असताना हा बोल्ट खोलूच नका, आत प्रेशर असतं, ऑइल पिचकारीसारखं तोंडावर येतं. कोणतं ऑइल ते मॅन्युअलमध्ये बघायचं, बऱ्याच मोटरींना गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ चालतं, पण घरात पडलंय म्हणून ब्रेक ऑइल किंवा इंजिन ऑइल ओतायचं नाही. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, मग नुसतं टॉप-अप करून भागत नाही, सगळं काढून नवीन भरा आणि सील कुठून गेलंय ते शोधा. भरल्यावर बोल्ट लावून इंजिन चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करा म्हणजे हवा निघते, परत वर करून लेव्हल बघा, कमी झाली तर भरा. इंजिन झटके देत वर येत असेल तर बहुतेक हीच हवा असते.

बटण दाबून काहीच होत नाही? कान द्या. नुसतं टिक-टिक येतंय म्हणजे रिले (मोटरला करंट सोडणारा स्विच) ओढतोय पण पंपाच्या मोटरला करंट पोचत नाही, तर आधी बॅटरीची टर्मिनल आणि अर्थिंग घासून साफ करा. आवाजच नाही तर फ्यूज बघा. वर जातंय पण खाली येत नाही (किंवा उलटं) असं असेल तर वरचा आणि खालचा असे दोन्ही रिले सारखे असल्यास अदलाबदल करून बघा, दोष बाजू बदलला तर रिले गेलाय. यात खर्च जवळपास नाही, आणि मेकॅनिक मात्र सरळ पंप बदलायचं म्हणतो.

रात्री वर ठेवलेलं इंजिन सकाळी खाली आलेलं असेल तर क्लॅम्प ब्रॅकेटच्या (इंजिन बोटीला धरून ठेवणारी पकड) बाजूचा मॅन्युअल रिलीज स्क्रू बघा. बॅटरी मेल्यावर इंजिन हाताने उचलायला तो ढिला करतात आणि मग घट्ट करायचं विसरतात. स्क्रू टाइट आहे तरी उतरतंय, तर रॅमभोवती ऑइलचे ओघळ आहेत का बघा. असतील तर सील, नसतील तर आतला व्हॉल्व किंवा ओ-रिंग, आणि ते काम घरी करू नये असं माझं मत.

प्रत्येक वेळी बोट बाहेर काढली की रॅमचे रॉड साध्या पाण्याने धुवून फडक्याने पुसा, पॉलिश पेपर मारू नका, ओरखडे पडले की सील फाटतं. टिल्ट ट्यूबच्या (इंजिन जिच्यावर वर-खाली फिरतं ती नळी) निपलमध्ये मरीन ग्रीस मारा, गन सियागंजात मिळते. एनोडवर (इंजिनाऐवजी स्वतः गंजून झिजणारा धातूचा तुकडा) रंग द्यायचा नाही, अर्धा झिजला की बदलायचा.

आणि ट्रेलरवर नेताना तो टिल्ट सपोर्टचा लिव्हर भरवशाचा नाही, खड्ड्यात हादरे बसून सुटू शकतो किंवा तुटतो. जमिनीला पुरेशी जागा असेल तर इंजिन खाली ठेवूनच न्या, नसेल तर इंजिन आणि ट्रेलरच्या मध्ये वेगळा आधाराचा बार लावा.