कमी वॅटच्या गिटार अ‍ॅम्पसाठी स्पीकर आणि कॅबिनेट कसे निवडावे

पाच वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा अ‍ॅम्प, घेतलेला वादक काही महिन्यांनी बहुधा एकच तक्रार करू लागतो. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो, जाड तारांना वजन येत नाही आणि व्हॉल्यूम जरा वाढवला की सगळे चिरकते. मग तो व्हॉल्व्ह बदलून पाहतो, नवे पेडल घेतो, तारांचा संच बदलतो. माझ्या अनुभवात दोष सर्किटमध्ये क्वचितच सापडतो. अशा अ‍ॅम्पमध्ये बहुतेक वेळा ८ इंची स्पीकर अरुंद पेटीत बसवलेला असतो आणि आपण ज्याला अ‍ॅम्पचा आवाज म्हणतो तो बऱ्याच अंशी त्या पेटीचा आवाज असतो. त्याच अ‍ॅम्पला १२ इंची स्पीकरचे चांगले कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची स्वतंत्र पेटी, जोडून वाजवले, तर तो अ‍ॅम्प आपण याआधी ऐकलाच नव्हता असे वाटते. म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी एखाद्या मित्राचे कॅबिनेट तासभर मागून आणावे आणि ही तुलना स्वतःच्या कानांनी करावी.

मात्र जोडण्याआधी ओहमचा, म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाचा, अ‍ॅम्पशी मेळ पाहणे आवश्यक आहे, कारण यातली चूक महागात पडते. गिटारचे स्पीकर साधारणपणे ४, ८ आणि १६ ओहमचे मिळतात. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या मागच्या जॅकवर जो आकडा लिहिलेला असतो, त्याच ओहमचा स्पीकर जोडावा. आकडा लिहिलेला नसेल, तर मूळ स्पीकरच्या मागची चिठ्ठी पाहावी. तीही निघून गेली असेल, तर स्पीकरची वायर काढून मल्टिमीटरने मोजावे. मीटर दाखवतो तो आकडा स्पीकरच्या नावाच्या ओहमपेक्षा कमी असतो, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर सहा-सात ओहमच्या आसपास दिसतो आणि १६ ओहमचा बारा-तेराच्या आसपास. जुन्या फेंडर चॅम्पसारख्या काही लहान अ‍ॅम्पना ४ ओहमचाच स्पीकर लागतो, त्यामुळे सगळीकडे ८ ओहम चालते असे गृहीत धरू नये. दोन सारखे स्पीकर समांतर जोडले तर ओहम निम्मे होतात आणि एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडले तर दुप्पट होतात.

याहून महत्त्वाची सूचना अशी की, व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकरशिवाय कधीही वाजवू नये. भार नसताना सिग्नल गेला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये फार मोठा व्होल्टेज उसळतो आणि त्याचे इन्सुलेशन फुटू शकते. म्हणून वायर बदलताना आधी अ‍ॅम्प बंद करावा, जोडणी पूर्ण करावी आणि मगच चालू करावा. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पची गोष्ट वेगळी आहे. तिथे निर्मात्याने दिलेल्या किमान ओहमच्या खाली जायचे नाही, एवढे पाळले की पुरते.

आता मुख्य मुद्दा. कमी वॅटचा अ‍ॅम्प किती मोठा वाजेल हे वॅटपेक्षा स्पीकरच्या सेन्सिटिव्हिटीवर अधिक अवलंबून असते. स्पीकरला एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, ते हा आकडा सांगतो. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची, म्हणजे दहापट वॅटची गरज पडते. याचा अर्थ ९४ डेसिबलचा स्पीकर काढून १०० डेसिबलचा बसवला, तर ५ वॅटचा अ‍ॅम्प जुन्या स्पीकरवरच्या २० वॅटच्या अ‍ॅम्पइतका वाजेल. सर्किटला हातही न लावता चौपट वॅटचा परिणाम मिळतो. ड्रमसोबत वाजवायचे असेल, तर मोठा अ‍ॅम्प घेण्याआधी हा बदल करून पाहावा असे मी आग्रहाने सांगेन.

पण हाच आकडा घरात उलटा उपयोगी पडतो. १०० डेसिबलच्या स्पीकरला पूर्ण ५ वॅट मिळाले तर एक मीटरवर हिशेबाने १०७ डेसिबल आवाज होतो आणि बंद खोलीत तो कानांना सोसवत नाही. व्हॉल्व्हवर जोर येऊन आवाज गोड फुटू लागतो, म्हणजे त्यात हवीशी खरखर येते, ती जागा व्हॉल्यूमच्या वरच्या भागात असल्यामुळे, घरी वाजवणाऱ्याला तिथवर पोहोचताच येत नाही. त्याने ९४-९५ डेसिबलचा स्पीकर निवडला तर तोच फुटलेला आवाज थोड्या सुसह्य पातळीवर मिळतो. दुकानात शेजारी शेजारी ऐकताना जो स्पीकर मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो, हा कानाचा स्वभाव आहे. म्हणून तुलना करताना प्रत्येक वेळी व्हॉल्यूम जुळवून घ्यावा, नाही तर आपण नादाऐवजी नुसता जोर निवडून घरी येतो.

काही ओळखीच्या स्पीकरचे आकडे सांगितले की चित्र स्पष्ट होईल. सेलेस्टियनचा जी१२एम ग्रीनबॅक २५ वॅटचा आणि ९८ डेसिबलचा आहे. त्याच कंपनीचा व्हिंटेज ३० नावात ३० असूनही ६० वॅट सोसतो आणि १०० डेसिबल देतो. व्हॉक्स एसी३० या अ‍ॅम्पमुळे प्रसिद्ध झालेला अल्निको ब्लू फक्त १५ वॅटचा असला, तरी तोही १०० डेसिबलचा आहे. स्पीकर किती वॅट सोसतो आणि किती मोठा वाजतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून लक्षात येईल. सोसण्याच्या वॅटबद्दल एकच नियम पुरे. अ‍ॅम्पच्या वॅटच्या निदान दुप्पट क्षमता ठेवावी, कारण पूर्ण फुटलेल्या आवाजात अ‍ॅम्प आपल्या छापील वॅटपेक्षा बरेच अधिक देतो. ५ वॅटसाठी १५ वॅटचा स्पीकर निर्धास्तपणे चालतो.

स्पीकरचा चुंबक अल्निको या मिश्रधातूचा घ्यावा की सिरॅमिकचा, यावर वादक फार वेळ घालवतात. अल्निको जोरात वाजवल्यावर आवाज मऊपणे दाबतो असे म्हणतात, पण पाच वॅटवर ती वेळ येणे कठीण. कोनचा, म्हणजे स्पीकरच्या पुढे-मागे हलणाऱ्या शंकूचा, कागद, त्याची जाडी, त्यावरच्या रेघा आणि तो हलवणाऱ्या कॉइलचा आकार यांचा फरक मला चुंबकापेक्षा जास्त जाणवला आहे. पैसे मोजके असतील तर चांगला सिरॅमिक स्पीकर घ्यावा आणि उरलेले पैसे पेटीवर घालावे.

व्यासाचा विचार करताना लक्षात ठेवावे की गिटारची मोकळी जाड ई तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते आणि गिटारच्या स्पीकरचा आवाज साधारण ५,००० हर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो. हा उतार गरजेचा आहे. गाणी ऐकण्याच्या स्पीकरवर फुटलेली गिटार वाजवली, तर वरचे सगळे कर्कश सूर बाहेर येतात आणि आवाज मधमाश्यांच्या पोळ्यासारखा होतो, म्हणून घरातला म्युझिक सिस्टिमचा स्पीकर या कामाला वापरू नये. ८ इंची स्पीकर मधले सूर पुढे आणतो, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये तो छान बसतो. १० इंची चटकन उत्तर देतो आणि लहान पेटीतही समाधान देतो. १२ इंचीला खर्ज आणि भरीवपणा आहे. एकच कॅबिनेट ठेवायचे असेल तर माझी निवड एका १२ इंची स्पीकरची आहे.

पेटीचा प्रश्न खरे तर पाठीचा प्रश्न आहे. स्पीकरचा कोन पुढे ढकलतो तितकीच हवा मागेही ढकलतो, पण उलट्या दिशेने. पाठ उघडी असेल तर मागचा आवाज कडेने वळून पुढे येतो आणि लांब लहरींचे सूर, म्हणजे खर्ज, एकमेकांना खाऊन टाकतात. पेटी जितकी लहान, तितकी ही वाट जवळची आणि तितका खर्ज अधिक जातो. डब्यासारख्या आवाजाचे एक मोठे कारण हेच आहे. याच्या मोबदल्यात उघडी पाठ आवाज खोलीभर पसरवते आणि वादकाला तो आपल्याभोवती असल्यासारखा वाटतो. बंद पाठीत खर्ज घट्ट आणि ठोस येतो, आवाज सरळ पुढे जातो, मात्र पेटी फार लहान असेल तर खालचे मधले सूर फुगतात आणि आवाज जड होतो. एका १२ इंची स्पीकरच्या बंद पेटीत आत साधारण ४० ते ६० लिटर जागा असावी. उदाहरणार्थ, आतून ४६ सेंटिमीटर रुंद, ४२ उंच आणि २५ खोल अशी पेटी सुमारे ४८ लिटरची होते.

पेटी करून घेणार असाल तर पाठ तीन आडव्या फळ्यांची करावी, प्रत्येक फळी स्क्रूने बसवावी आणि कोणतीही कायमची चिकटवू नये. मधली काढली की पाठ अर्धी उघडी होते, तिन्ही काढल्या की पूर्ण उघडी. अ‍ॅम्प, स्पीकर आणि गिटार तीच ठेवून एका दुपारी हे तिन्ही प्रकार ऐकले, तर पुस्तकी वर्णनांपेक्षा कितीतरी अधिक उलगडा होतो. लाकडात १८ मिलिमीटरचे चांगले प्लायवूड निर्धोक आहे. पाइनच्या फळ्यांची पेटी हलकी असते आणि थोडी स्वतःही गुंजते, जे अनेकांना आवडते. कणीदार दाबलेले बोर्ड मला पसंत नाहीत, कारण त्यात स्क्रू दोन-चारदा काढले-घातले की भोक सैल होते. स्पीकरसाठी समोरच्या फळीत कापायच्या गोलाचे माप त्याच स्पीकरच्या तक्त्यातून घ्यावे. १२ इंची सेलेस्टियनला ते २८३ मिलिमीटर असते, म्हणजे १२ इंचांपेक्षा बरेच कमी.

बसवताना पेटी तोंडावर आडवी ठेवावी आणि एक हात स्पीकरच्या कागदावर आडवा धरूनच स्क्रूड्रायव्हर फिरवावा. जोरकस चुंबक लोखंडी अवजार एकदम ओढून घेतो आणि टोक घसरले तर कोनला भोक पडते. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळावेत. एकच बाजू पूर्ण आवळली तर स्पीकरची चौकट पिळते आणि कॉइल घासू लागते. वायर स्पीकरसाठीची जाडच असावी. गिटारची शिल्डेड केबल वरून तशीच दिसत असली तरी इथे वापरू नये, कारण तिचा आतला धागा बारीक असतो. दोन स्पीकर असतील तर दोघांची दिशा एक आहे ना, हे दीड व्होल्टच्या सेलने पाहता येते. सेलची धन बाजू स्पीकरच्या धन टोकाला क्षणभर टेकवली की दोन्ही कोन एकाच दिशेला सरकले पाहिजेत. एक पुढे आणि एक मागे गेला, तर एकाच्या वायर उलट कराव्यात.

एकदा मी जुन्या पेटीत नवा स्पीकर बसवला आणि मोकळी ए तार छेडली की पत्रा थरथरावा तसा आवाज येऊ लागला. स्पीकर सदोष आहे असे समजून तो परत द्यायची तयारी केली होती. मग जाड तारेवर एकेक पडदा वर सरकत सावकाश वाजवले, आवाज नेमका कोणत्या स्वराला येतो ते पक्के केले, आणि तोच स्वर एका मित्राला वाजवत ठेवायला सांगून पेटीचा एकेक भाग तळहाताने दाबत गेलो. मागच्या जॅकच्या पट्टीवर बोट टेकताच थरथर थांबली. तिथला नट सैल होता, बाकी काही नाही. नव्या स्पीकरला दोष देण्यापूर्वी ही तपासणी करावी.

जागा बदलून ऐकणेही विसरू नये. १२ इंची स्पीकरचे वरचे सूर झोतासारखे सरळ जातात, त्यामुळे कॅबिनेट जमिनीवर आणि वादक उभा असेल, तर त्याला मंद आवाज ऐकू येतो आणि समोर बसलेल्याला तोच बोचतो. पेटी खुर्चीवर ठेवावी किंवा मागे कलती करावी, आणि ट्रेबलचे बटण त्यानंतरच फिरवावे. उघड्या पाठीची पेटी भिंतीपासून वीतभर, मग हातभर दूर सरकवून पाहावी. नव्या स्पीकरची कड सुरुवातीला ताठ असते आणि वाजत गेल्यावर सैलावते, म्हणून पहिल्या दिवशी तो थोडा कोरडा वाटला तरी निर्णय काही आठवडे पुढे ढकलावा आणि मधल्या काळात जुना स्पीकर विकून टाकू नये.