सणांवरची शाब्दिक उदाहरणे: गणित मंडळासाठी ती कशी रचावीत?

सण तोंडावर आला की गणित मंडळाच्या फळ्यावर एक उदाहरण हमखास उमटते: 'सजावटीसाठी ४८ दिवे आणले, ते ६ खिडक्यांत सारखे लावले, तर प्रत्येक खिडकीत किती?' मुले ते अर्ध्या मिनिटात सोडवतात आणि विसरूनही जातात. त्यात काही चूक नाही, पण त्यात सणही नाही. दिव्यांच्या जागी वह्या घाला, खिडक्यांच्या जागी कपाटे घाला, उदाहरण तेच राहते. वर्गात सरावासाठी हे चालून जाईल. मंडळात मुले हौसेने येतात, त्यांच्यासाठी जरा जास्त मेहनत घ्यावी.

पायरी १: सणाचा नियम शोधा

खाणेपिणे, कपडे, रोषणाई बाजूला ठेवा आणि विचारा: या सणात काही मोजले जाते का? काही ठरावीक क्रमाने वाढते का? तारीख कशी ठरते? कोण कोणाला काय देतो?

ज्यूंच्या हनुक्का या सणाचे पाहा. तो आठ रात्री चालतो. पहिल्या रात्री एक मेणबत्ती, दुसऱ्या रात्री दोन, अशा आठव्या रात्री आठ. शिवाय बाकीच्या मेणबत्त्या पेटवण्यासाठी रोज एक वेगळी मेणबत्ती लागते आणि दर रात्री सगळ्या नव्या घेतात. मग एकूण किती लागतील? १ ते ८ ची बेरीज ३६, त्यात ८ मिळवून ४४. इथे श्रेढी आपण चिकटवलेली नाही, ती सणातच आहे. पाचवीचा मुलगा एकेक करून बेरीज करील, नववीची मुलगी सूत्र वापरील. दोघांनाही काम मिळते.

एक काळजी घ्या. सणाची रीत सगळ्यांना माहीत असेल असे धरून चालू नका. नियम उदाहरणातच दोन वाक्यांत लिहा, म्हणजे तो सण ज्याच्या घरी होत नाही त्याचे काही अडत नाही.

पायरी २: छोट्या आकड्यांपासून चढत जा

चिठ्ठ्या टाकून भेटवस्तू देण्याचा खेळ अनेक सणांत होतो. प्रत्येकाने आपले नाव चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठ्या मिसळायच्या, प्रत्येकाने एक उचलायची आणि जिचे नाव निघेल तिला भेट द्यायची. अडचण एकच: स्वतःचीच चिठ्ठी येता कामा नये. असे किती प्रकारे होऊ शकते?

हा प्रश्न थेट पाच जणांसाठी घातलात तर अर्धे मंडळ पेन खाली ठेवील. दोघांपासून सुरुवात करा: १ प्रकार. तिघांत २. चौघांत ९, आणि हे ९ प्रकार मुलांना हाताने लिहू द्या, घाई करू नका. लिहितानाच त्यांना रचना दिसू लागते.

मग पाच जण. पहिल्याला इतर चौघांपैकी कोणाची तरी चिठ्ठी येणार, समजा दुसऱ्याची. आता दोनच शक्यता उरतात. दुसऱ्याला उलट पहिल्याची चिठ्ठी आली, तर उरलेल्या तिघांचे २ प्रकार. नाही आली, तर पहिल्याची चिठ्ठी ही जणू दुसऱ्याची 'स्वतःची' चिठ्ठी झाली असे समजा, म्हणजे चौघांचाच प्रश्न परत आला: ९ प्रकार. एकूण ४ × (२ + ९) = ४४. हनुक्काच्या मेणबत्त्याही ४४ होत्या, तेव्हा एखादा मुलगा दोन्हींत नाते शोधायला निघेल. शोधू द्या. नाते काहीच नाही, निव्वळ योगायोग आहे, आणि तसे खात्रीने कसे म्हणता येईल हा प्रश्न त्यालाच परत विचारा.

मोठ्या मुलांसाठी पुढची पायरी: पाच जणांत चिठ्ठ्या उचलण्याचे एकूण १२० प्रकार, त्यांतले ४४ चालतात, म्हणजे संभाव्यता साधारण ०.३६७. सहा जणांत ७२० पैकी २६५, साधारण ०.३६८. शंभर जणांत किती असेल, असे आधी अंदाजाने विचारा. बहुतेक जण 'जवळजवळ शून्य' म्हणतील. प्रत्यक्षात ती ०.३६८ च्या आसपासच राहते.

पायरी ३: दिनदर्शिका हाताशी ठेवा

माझ्या मते सणांच्या गणिताचा खरा खजिना इथे आहे आणि नेमका तोच दुर्लक्षित राहतो.

नाताळ २५ डिसेंबरला असतो, तारीख पक्की. २०२२ साली तो रविवारी आला होता. पुढे रविवारी कधी येईल? साध्या वर्षात ३६५ दिवस, म्हणजे ५२ आठवडे आणि १ दिवस, म्हणून वार एकाने पुढे सरकतो. लीप वर्षात दोनांनी. उत्तर २०२८ असेल असे पुष्कळांना वाटेल. पण २०२७ ला शनिवार आणि २०२८ लीप वर्ष, म्हणून वार रविवारवरून उडी मारून सोमवारवर जातो. रविवार येतो थेट २०३३ मध्ये.

याला जोडून एक सिद्धतेचा प्रश्न द्या. आपल्या नेहमीच्या कॅलेंडरच्या ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस असतात आणि त्याला ७ ने पूर्ण भाग जातो, म्हणजे वारांचे चक्र ४०० वर्षांनी जसेच्या तसे फिरते. मग नाताळ सातही वारांना सारख्याच वेळा येतो का? एका ओळीत उत्तर: ४०० ला ७ ने भाग जात नाही, म्हणून नाही.

आता चंद्राकडे वळा. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, म्हणून ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते. सगळे ऋतू फिरून यायला किती वर्षे? ३६५ भागिले ११, साधारण ३३. एकाच इंग्रजी वर्षात रमजान ईद दोनदा येऊ शकेल का? २००० साली आली होती, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात. दिवाळीही चांद्र तिथीवरच, मग ती उन्हाळ्यात का जात नाही? कारण अधूनमधून अधिक महिना धरतात. १९ सौर वर्षे जवळजवळ २३५ चांद्रमासांइतकी भरतात; १२ × १९ = २२८, तेव्हा १९ वर्षांत अधिक महिने किती, हे सहावीतली मुलेही काढतील.

पायरी ४: शब्द घासून बघा

उदाहरण लिहून झाले की स्वतः सोडवा, मग दुसऱ्या कोणाकडून तरी सोडवून घ्या. नमुना पाहा: 'लाल माळ दर ६ सेकंदांनी, हिरवी दर ८ आणि निळी दर १५ सेकंदांनी चमकते. सुरुवातीला तिन्ही एकदम चमकल्या. १० मिनिटांत त्या किती वेळा एकदम चमकतील?' लसावि १२०, म्हणून दर दोन मिनिटांनी. पण उत्तर ५ की ६? सुरुवातीची चमक मोजायची का, हे लिहिलेलेच नाही. 'सुरुवातीची वेळ धरून' एवढे शब्द घातले की उत्तर ६ ठरते. ही संदिग्धता मुद्दाम ठेवून वाद घडवायचा असेल तर जरूर ठेवा, फक्त ती तुम्हाला आधी माहीत हवी.

पायरी ५: बैठकीत वापरताना

एका बैठकीला तीन उदाहरणे पुरतात: एक सर्वांना जमेल असे, एक झुंजवणारे, एक घरी न्यायचे. तिघा-चौघांचे गट करा. सूचनांच्या चिठ्ठ्या आधीच तयार ठेवा. पहिल्या चिठ्ठीत 'आकडे लहान करून पाहा' एवढेच असले तरी भागते. शेवटची पंधरा मिनिटे मुलांना स्वतः उदाहरण रचायला द्या आणि ते शेजारच्या गटाने सोडवावे. तपासताना आधी सणाचे नाव पुसून वाचा. काहीच बदलले नाही, तर उदाहरण त्याच गटाकडे परत पाठवा आणि पहिल्या पायरीतले प्रश्न त्यांना पुन्हा विचारा.